तोंडापुरतं पाणी

आमच्या हेडगुर्जींचं तोंड बघितलं की पंचांग बघायची गरज नसायची. हनुवटीवर लालभडक पुटकुळ्या उठल्या की समजायचं, पाऊस सरला, अश्विनातलं ऊन सुरू झालं. कपाळावर बारीक पांढऱ्या आल्या की थंडी आली. आणि दोन्ही गालांवर टेंगळं आली की शिमगा जवळ आला, आता उन्हाळा. वय म्हणाल तर चाळिशी उलटलेली. त्या वयात माणसाच्या डोक्यात पोरीचं लग्न असतं, पोराची नोकरी असते. यांच्या डोक्यात काय, तर तोंड. सकाळी तोंड, दुपारी तोंड, शाळा सुटताना पुन्हा तोंड.

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. भोकरदनहून यष्टीनं जायचं गाव. नाव सांगत नाही, तिथं अजून माझी मायेची माणसं आहेत. मी नुकती डी.एड. झालेली, पंचविशीची, बौद्धवाड्यात धुरपदाआजी नावाच्या म्हातारीच्या घरात एक खोली घेऊन राहणारी. गावात दुसरीकडं खोली मिळाली नाही. का मिळाली नाही ते मी विचारलं नाही, कारण मी बौद्ध होते आणि उत्तर मला पाठ होतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ऋतू बदलला की पुटकुळ्या मलाही यायच्या. जबड्याच्या कडेनं, दुखऱ्या, चांगल्या हरभऱ्याएवढ्या. त्यामुळं त्या दुखण्याला मी हसत नाही. त्याचा ताप मला ठाऊक आहे. मी हसते ते त्या माणसाला.

त्यांचं वेळापत्रक असं होतं. मृग लागला की कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं तोंड. नवरात्रापासून मुलतानी माती. दिवाळी होऊन थंडी पडली की माती बंद, सहाणेवर जायफळ उगाळून दुधाच्या सायीतून. होळी पेटली की साय बंद, पुन्हा माती, पण आता तिच्यात डाळीचं पीठ आणि हळद. लेप पूर्ण वाळू द्यायचा नाही, ओलसर असतानाच धुवायचा, नाहीतर कातडी ओढते म्हणे. ज्या दिवशी हा बदल व्हायचा त्या दिवशी आम्हा सगळ्या मास्तरांना गोळा करून जाहीर केलं जायचं. "उद्यापासून साय बंद बरं का. बिलकुल बंद." जसं काही आम्ही सगळे तोंडाला साय फासून बसलो होतो! आमच्या घरी साय बघायला मिळाली तर ती भाकरीवर जायची.

शाळा तर त्यांच्या गालाच्या सोयीनं चालायची. खडूची भुकटी कातडीच्या छिद्रात बसते, म्हणून फळ्याला हात लावायचा नाही. सातवीचं गणित त्यांचं, पण फळ्यावर लिहायला मी. माझी चौथी सोडून मी तिकडं आकडे लिहीत उभी, आणि हे खुर्चीवर बसून नाकाला रुमाल लावून सांगणार, "बाई, छेद खाली घ्या." धूळ लागू नये म्हणून वर्ग वाऱ्याकडं पाठ करून बसवायचे. फाल्गुनात वारा दिवसातून दहा दिशांनी वाहतो. पोरं बिचारी बुडाखालची पोती उचलून सारखी इकडून तिकडं. गणिताचा एक धडा आणि पोरांची ओसरीला प्रदक्षिणा.

पोरांना मारत नव्हते, हे मात्र खरं. मला आधी वाटलं, चला, एक तरी गुण आहे. मग त्यांनीच सांगितलं, "मारलं की आंगात उष्णता चढते बाई. दुसऱ्या दिवशी लगेच कपाळावर दिसते." धन्य झाले मी.

खाण्याचं तर विचारूच नका. वांगं बंद, गूळ बंद, शेंगदाणा बंद. संक्रांतीला पोरं तिळगूळ घेऊन यायची, पाया पडायची. हे तो तिळगूळ रुमालात बांधायचे आणि सांगायचे, "गोड बोलीन बराबर, पण खानार न्हाई." सीताफळाच्या दिवसात शाळेच्या आवारात सीताफळ आणायला मनाई होती. कारण सांगायचे, सीताफळ उष्ण पडतं. सीताफळ थंड, हे शेंबड्या पोरालाही माहीत. खरं कारण असं की पोरांनी त्यांचं नावच सीताफळ ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी? तर विस्तार अधिकारी व्हायचं होतं. "मानसाचं तोंड म्हंजे शाळेची पाटी असती बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पुटकुळ्यावाला मानूस खुर्चीत सायेब दिसत न्हाई. चपराशी सुद्धा सलाम घालत न्हाई." टेबलाच्या खणात हजेरीपटावर आरसा असायचा. मुलाखतीचं बोलावणं कधी येईल याचा नेम नव्हता, आणि यांचं तोंड तर दर ऋतूला दगा द्यायचं. असं ते झुरणं होतं.

एकदा मी खोलीत शिरले तेव्हा ते आरशात बघत होते. मला बघून दचकले नाहीत. म्हणाले, "बाई, लग्नात आमची बायको अंतरपाट दूर झाल्याबरोबर खाली बघायला लागली. लोकं म्हनले लाजली. मला माहीत हाये काहून ते." मला क्षणभर वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पुढच्याच वाक्यात त्यांनी ते धुऊन टाकलं. माझ्या जबड्याकडं बघत म्हणाले, "तुमचं येगळं हाये म्हना. तुमच्याकडं खान्यातच उष्ण जास्त. ते बंद करा, लगेच फरक पडंल."

"आमच्याकडं म्हणजे कुणाकडं, गुर्जी?"

"म्हंजे आपलं... तुमच्याकडं."

"आमच्याकडं रोज पिठलं-भाकरी असते. तुमच्याकडं काय असतं? तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त आल्यात."

त्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या आठ दिवसांत फळ्यावर मात्र मलाच बोलवत होते, पोराच्या हाती निरोप धाडून. असा माणूस. ज्याला कशाचीच लाज नाही, त्याला फक्त तोंडाची लाज.

आता पाण्याचं सांगते.

गावच्या विहिरीचं पाणी जड. डाळ तासभर उकळली तरी दाणा बोटात फिरायचा, साबणाला फेस धरायचा नाही. बौद्धवाड्याची विहीर ओढ्याकाठी, वाड्यातल्या माणसांनी स्वतः खांदलेली. तिचं पाणी हलकं आणि गोड. शाळेच्या ओसरीत एक मोठा रांजण होता. रोज दोन घरच्या पोरींनी घरून एकेक घागर आणून त्यात ओतायची, अशी पाळी. पाळी बौद्धवाड्यालाही होती. कुणाला वगळलं असं कुणी म्हणायला नको ना! पण बौद्धवाड्याची घागर रांजणात पडत नव्हती. ती बाहेर लिंबाखाली ठेवायची, आणि ते पाणी सड्याला, नाहीतर झाडांना. हा नियम कुणी केला? कुणीच नाही. ज्याला विचारावं तो आभाळाकडं बघायचा.

मी आले त्या वर्षी अश्विनात एकदा गुर्जी तोंडाला माती लावून बसले आणि धुवायला गेले तर रांजण कोरडा. माती वाळत चाललेली. धावत लिंबाखाली गेले, तिथली घागर उचलली आणि तिच्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं. आठवडाभर रोज हेच केलं. आणि काय सांगू, हनुवटी निवळली. पाण्यानं निवळली, की पुटकुळ्या आपल्या मुदतीनं गेल्या, देव जाणे. माझ्या तर नुसतं हात न लावल्यानं जायच्या. पण गुर्जींना साक्षात्कार झाला. "बाई, हे पानी न्हाई, औषध हाये औषध! बघा, फेस कसा येतो." दुसऱ्या दिवसापासून बौद्धवाड्याची पाळी रोजची झाली. रोज एक घागर लिंबाखाली. झाडं तहानली तरी चालतील. ती घागर एकट्या गुर्जींच्या तोंडाची.

ही घागर बहुतेकदा धुरपदाआजीची नात विमल आणायची. सहावीत होती. डोक्यावर घागर घेऊन पार ओढ्यापासून शाळेपर्यंत चालत यायची, घागर लिंबाखाली ठेवायची आणि मग रांजणापाशी जाऊन ओंजळ धरून उभी राहायची. वरच्या आळीतला एखादा पोरगा पाणी घालेल तेव्हा प्यायची. रांजणाला तिनं हात लावायचा नाही.

मी गुर्जींना एकदा सरळ विचारलं. "गुर्जी, हे पाणी तुमच्या तोंडाला चालतं ना? मग रांजणात काहून चालत नाही?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. "बाई, तोंडाला लावनं येगळं, तोंडात घेनं येगळं. माझं काही न्हाई. मी समतेचा मानूस. पन गाव हाये ना. गाव ऐकत न्हाई."

माझं काही न्हाई! त्या माणसाचं सगळं आयुष्य या तीन शब्दांवर उभं होतं. घरी येऊन मी आजीला हे सांगितलं. आजी भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली, "म्हंजी गालाला चालतं आन् घशाला न्हाई? घसा काय दुसऱ्याचा हाये का त्याचा?"

पुढच्या फाल्गुनात विहिरीनं तळ दाखवला. गावच्या विहिरीनं, बौद्धवाड्याच्या नाही. घराघरांतून घागरी अर्ध्या यायला लागल्या, मग त्याही खाडे करून. दुपारच्या सुट्टीत पोरं रांजणात डोकी घालून बघायची. लहानगी तर ओल्या रांजणाला गाल लावून उभी राहायची. आणि तिथून चार पावलांवर लिंबाखाली काठोकाठ भरलेली घागर. तिच्यावर झाकण. झाकणावर गुर्जींचा रुमाल.

एक दिवस पहिलीतलं एक पोरगं रडायला लागलं. वरच्या आळीतलंच होतं, खात्यापित्या घरचं. घसा सुकून आवाज निघेना त्याचा. मला राहवलं नाही. मी गेले, रुमाल बाजूला टाकला, घागर उचलली आणि सगळ्यांच्या समोर रांजणात ओतली. पोरांनी उडी घातली म्हणा ना. कुणी विचारलं नाही कुणाचं पाणी. तहान जात विचारत नाही हो, जात विचारते ती भरल्या पोटाची माणसं.

गुर्जी बाहेर आले. सगळं बघितलं. मला वाटलं ओरडतील, हमरीतुमरीवर येतील, मी पदर खोचून तयारच होते. पण छे! ओरडले असते तर एक वेळ मान दिला असता. ते हळू आवाजात सातवीच्या दोन पोरांना म्हणाले, "रांजनाच्या तळाला शेवाळ आल्तं न्हाई का? धुवायचाच हाये. पालथा करा." पोरं रांजणाला हात घालणार तेवढ्यात म्हणाले, "थांबा." आत गेले, आपला तांब्या घेऊन आले, रांजणात बुडवून भरून घेतला. मग म्हणाले, "हं. करा आता."

एवढं गोड पाणी, सगळं ओसरीवरून अंगणात गेलं. अर्धी पोरं प्यायची राहिली होती. विमल ओंजळ धरून तशीच उभी होती. आणि हा माणूस तांब्या सांभाळत आत गेला, धार सांडू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापानं. आज इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, पण तो तांब्या आठवला की अजून माझे दात आवळतात.

विमलनं घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातून शाळेत घागर गेली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. गुर्जींनी निरोप पाठवला, "पाळी चुकवू नका." आजीनं उलटा निरोप पाठवला, "गुर्जीला म्हनावं, तोंड घिऊन हिकडं या. हिर जाग्यावरच हाये."

आणि नेमकं तेव्हाच मुलाखतीचं बोलावणं आलं. होळी होऊन गेलेली, ऊन तापलेलं, साय बंद आणि माती चालू झालेली. तोंड तर असं फुललं होतं, की सीताफळ हे नाव कमी पडावं. जड पाण्यानं धुतलं की आणखी लाल. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी शेंदत होते, तर समोरून गुर्जी! बायकांची नजर नको म्हणून आडवाटेनं आले असणार. पण त्या वेळेला विहिरीवर बायका नसतील असं त्यांना वाटलं, इतकंच त्यांना बायकांच्या जगण्याचं ज्ञान. अख्खा बौद्धवाडा पाण्याला आलेला. गुर्जींच्या तोंडावर पिवळा लेप. घरून लावूनच आलेले. वाटेत अर्धा वाळलेला, डोळ्यांच्या कडा ओढलेल्या. हातात मोकळा तांब्या.

पोहरा बायकांच्या हातात, विहिरीला हात कसा लावणार? तांब्या पुढं करून म्हणाले, "आजी, जरा पानी घाला. जल्दी. वाळून राह्यलं."

आजी घागर घेऊन उभी राहिली. "तांब्या ठिवा खाली. ओंजळ धरा."

त्यांनी वाकून ओंजळ धरली. आजीनं वरून धार सोडली. त्यांनी एकदा तोंडावर हात फिरवला, लेप विरघळला आणि डाळीचं पीठ, हळद सगळं डोळ्यांत गेलं. डोळे गच्च मिटलेले, ओंजळ पुढं. आणि आजीनं धार थांबवली.

"आजी, पानी."

"दिते की. आदी दोन घोट प्या."

बायका घागरी खाली ठेवून बघायला लागल्या.

"आज उपास हाये माझा," गुर्जी म्हणाले. "निर्जळी."

मी बोलले. मला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय. म्हटलं, "गुर्जी, आज तर दशमी आहे."

"तिकडं वर," आजी म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "गावच्या हिरीवर म्या अशीच उभी ऱ्हायचे. लेकरू काखंत आन् ओंजळ म्होरं. कोनाला वाटलं तर घालायचं, न्हाई वाटलं तर न्हाई. म्या काय म्हनत न्हाई तुमास्नी. डोळं चुरचुरत्यात, मला दिसतंय. पन आदी प्या. मंग तोंड."

तो माणूस उभा होता बघा. वाकलेला, पिवळा, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि आत केवढी लढाई! गाव एकीकडं आणि विस्तार अधिकाऱ्याची खुर्ची एकीकडं. मी खात्रीनं सांगते, समता त्या लढाईत कुठंच नव्हती. शेवटी खुर्ची जिंकली. मान हलली. आजीनं ओंजळीत पाणी घातलं आणि ते प्याले. एक घोट, दोन घोट. तहान लागलीच होती बहुतेक, तिसराही घेतला. मग आजीनं अख्खी घागर त्यांच्या तोंडावर रिकामी केली. कुचराई केली नाही हं. स्वच्छ धुऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी विमलनं घागर नेली आणि सरळ रांजणात ओतली. गुर्जी खुर्चीवरून बघत होते, हूं की चूं केलं नाही. अख्ख्या बौद्धवाड्यानं बघितलं होतं ना पिताना! गावातले दोघं-तिघं बाप जाब विचारायला आले तर त्यांना म्हणाले, "औषधी पानी हाये ते. डाळसुद्धा शिजती. आन् तुमच्या हिरीत हाये का पानी?" विहिरीत चिखल होता. काही घरांनी पोरांबरोबर बाटल्या पाठवल्या. महिनाभर पाठवल्या, मग कंटाळली. विमल आता स्वतः रांजणात पेला बुडवून प्यायची. प्यायची कसली, मुद्दाम दोन-दोन वेळा बुडवायची.

गुर्जींची निवड झाली. झाली बरं का! जाता जाता चैत्रात बौद्धवाड्यातल्या जयंतीला पाहुणे म्हणून बोलावलं त्यांना. वाड्यातली माणसं मोठ्या मनाची, आणि नवा साहेब कधीतरी उपयोगी पडेल एवढा हिशेब त्यांनाही कळतो. निळ्या पताका, पेट्रोमॅक्स, भोकरदनहून आलेली चार मोठी माणसं. गुर्जींचे गाल हारामागं गुळगुळीत. उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, समतेची सुरवात स्वतःपासून करावी लागते. मी या वस्तीत स्वतःहून आलो. या विहिरीवर उभा राहिलो. आणि या माऊलीच्या हातचं पाणी ओंजळीनं प्यालो! मला कुणी सांगितलं नव्हतं. गाव काय म्हणेल याची मी पर्वा केली नाही."

भोकरदनच्या पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठणारच होते, पण माझ्या शेजारून धुरपदाआजी गुडघ्यावर हात टेकत आधी उठली. आणि टाळ्या थांबायची वाट बघून, शेतात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली,

"गुर्जी, तोंडाला काय लावल्तं, ते बी सांगा की!"